नाव ज्याचं, कागद त्याचा

आमच्या इडालिनाला लिहिता येत नाही, असं एका विद्यापीठानं ठरवून टाकलं त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मला विचाराल तर कॅलिफोर्नियाच्या ह्या अख्ख्या खोऱ्यात तिच्याइतकं लिहिलेलं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. पण मला विचारतंय कोण! मी शेंडेफळ. शेंडेफळानं ऐकायचं असतं आणि भांडी विसळायची असतात. आता आई नाही, बाबा नाहीत, मीही पन्नाशी ओलांडली, तेव्हा बोलते. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

बाबा अझोर्सच्या पोर्तुगीज बेटावरून आले ते दुसऱ्याच्या गाईंच्या धारा काढायला. मग हळूहळू गाई स्वतःच्या झाल्या. आमच्या रस्त्यावरचे सगळे असेच: बेटावरचे, गाईवाले, रविवारी न चुकता चर्चला जाणारे, आणि घरी इंग्रजी कागद आला की तो उलटा-सुलटा करून बघणारे. ह्या सगळ्यांत इंग्रजी कागदाला न घाबरणारी एकटी इडालिना. त्यामुळे परकराच्या वयापासून ती सगळ्या रस्त्याची लेखनिक झाली होती. रविवारी चर्च सुटलं की आमच्या स्वयंपाकघरात माणसं येऊन बसायची. कुणाच्या हातात अंडी, कुणाच्या हातात घरचं चीज. आपल्या भाषेत मन मोकळं करायची, रडायची, शिव्या घालायची, आणि इडालिना ते सगळं निवडून-पाखडून इंग्रजीत उतरवायची. वीज कंपनीला, परदेशी नागरिकांच्या कचेरीला, सैन्यातल्या पोराला. लिहून झालं की वाचून दाखवायची. मग त्या माणसानं सही करायची, सही येत नसेल तर फुली मारायची, आणि त्या क्षणापासून कागद त्याचा. कुणी लिहिला हे पुन्हा काढायचं नाही. नाव ज्याचं, कागद त्याचा, असा आमच्याकडचा सरळ हिशोब.

आमच्या पलीकडे देओदाताकाकू राहायच्या. नवरा गेलेला, आणि पोरगा शाळेत रोज कुणाचं ना कुणाचं नाक फोडून यायचा. शाळेतून त्याला काढायची वेळ आली तेव्हा इडालिनानं मुख्याध्यापकांना असं पत्र लिहिलं की तो साहेब स्वतः गाडी घेऊन काकूंकडे आला. काकू तेव्हा आमच्याकडेच बसल्या होत्या, तर आला तो आमच्या दारात. म्हणाला, "बाई, तुमच्या पत्रानं माझे डोळे उघडले." इडालिनानं ते आपल्या भाषेत करून सांगितलं. काकूंनी पदर सावरावा तशी शाल सावरली आणि म्हणाल्या, "त्यांना सांग, जे मनात आलं ते लिहिलं." इडालिनानं तेही इंग्रजीत करून सांगितलं आणि कॉफी आणायला आत गेली. ना तिला हसू आलं, ना काकूंना लाज वाटली. लाज वाटायचं कारणच काय? पत्राखाली फुली काकूंचीच होती.

आता नेल्सन. नेल्सन म्हणजे इडालिनाचा जुळा भाऊ, तिच्या आधी जरासा जन्माला आला म्हणून जन्मभर थोरला. माझं त्याच्याशी वाकडं नव्हतं हो, उगाच खोटं कशाला बोलू. लहानपणी मला खांद्यावर घेऊन गोठा हिंडवणारा तोच. जनावरांतलं त्याला फार कळायचं. गाय खोकली की हा लांबून सांगायचा, काय झालंय ते. त्याला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं, आणि तो झालाही असता चांगला, झालाच. पण कोरा कागद पुढं आला की त्याला दरदरून घाम फुटायचा. मग शाळेतला त्याचा निबंध इडालिना लिहायची. आई म्हणायची, "इडा, नेल्सनचा शर्ट इस्त्री कर आणि तो निबंध का काय तो पण टाक करून." ह्या दोन कामांत आईला फरक दिसत नव्हता आणि खरं सांगायचं तर इडालिनालाही दिसत नव्हता.

दोघांनाही एकाच विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी गोठ्यातल्या माणसांना वाइन पाजली. आमच्या रस्त्यावरून कुणीच गेलं नव्हतं तिथं. पण त्या विद्यापीठाची एक अट होती. येणाऱ्या प्रत्येकानं आपल्याला कॉलेजच्या लायकीचं लिहिता येतं हे दाखवायचं. मे महिन्यातल्या एका शनिवारी परीक्षा. कुणीतरी मोठ्या माणसानं लिहिलेला उतारा वाचायचा आणि त्यावर आपलं मत द्यायचं. तिथं जमलं नाही तर पहिलं वर्षभर लेखनाच्या वर्गात बसायचं. तिथंही जमलं नाही तर दुसऱ्या वर्षाचं दार बंद, गाशा गुंडाळा आणि घरी जा.

नेल्सन त्या परीक्षेत नापास झाला ह्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. त्यानं चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यातल्या दोन खोडल्या होत्या. पण इडालिनाही नापास! मी तेव्हा बारा वर्षांची. तिला विचारलं, "अगं, लिहिलंस तरी काय?" तिनं तोंडपाठ म्हणून दाखवलं, आणि देवाशपथ, मला आजही कळत नाही की हसावं की रडावं. तिनं सुरुवातच अशी केली होती: परीक्षक महोदयांना सादर नमस्कार, आपण व आपल्या घरची मंडळी सुखरूप असाल अशी आशा आहे, आम्ही इकडे देवाच्या कृपेनं बरे आहोत. आमच्याकडे कागद असाच सुरू होतो. थेट मुद्द्यावर यायला काय घराला आग लागली आहे? मग तिनं तो उतारा लिहिणाऱ्याचं भरपूर कौतुक केलं. आणि मत? मत म्हणून लिहिलं की एवढ्या शिकलेल्या माणसानं लिहिलंय तर विचार करूनच लिहिलं असणार, त्यात मी पामरानं काय बोलावं.

"अगं पण त्यांनी तुझं मत विचारलं होतं ना?" मी म्हटलं.

"म्हणजे कुणाचं?" ती म्हणाली. थट्टेनं नाही, मनापासून विचारलं तिनं. आजवर तिनं काकूंचं मत लिहिलं होतं, बाबांचं लिहिलं होतं, नेल्सनचं लिहिलं होतं. तिचं स्वतःचं कुणी मागितलंच नव्हतं कधी.

दोघं लेखनाच्या एकाच वर्गात बसले. त्या वर्गाच्या बाई हॅलोरन म्हणून होत्या. उंच, किडकिडीत, सदा सर्दी झालेल्या. त्यांनी इडालिनाचे नमस्कार-चमत्कार महिन्याभरात बंद पाडले. म्हणाल्या, "मी कशी आहे ते मला ठाऊक आहे, इडालिना. माझं नाक वाहतंय. तू काय म्हणतेस ते सांग." आणि ही पोरगी सांगायला लागली! नाताळात घरी आली ती वेगळीच होऊन आली. जेवताना बाबा काहीतरी बोलत होते, वासरं गाईपासून लवकर तोडण्याबद्दल, नेहमीचंच. तर ही म्हणाली, "बाबा, मला नाही तसं वाटत." बाबांनी आईकडं पाहिलं, जणू आईनंच काही चूक केली होती. इडालिना मात्र एकेक कारण सांगत गेली, सावकाश, न भांडता. शेवटी बाबा म्हणाले, "हे शिकवतात होय तिथं?" आणि ताट सरकवून उठले. पण मी पाहिलं, जाताना मिशीत हसत होते.

त्या सुट्टीत आम्ही दोघी कपडे वाळत घालत होतो तेव्हा ती म्हणाली, "झेलिया, मला हेच करायचं आहे. हॅलोरनबाईंसारखं. आपल्यासारख्यांच्या पोरांना शिकवायचं की बाबांनो, तुम्हाला काय वाटतं ते लिहा." तिचा चेहरा असा उजळला होता की मला तिचा हेवा वाटला. मला तेव्हा काय, सगळ्यांचाच हेवा वाटायचा. पण तिच्या बाबतीत एक कळत होतं, की हिला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःसाठी हवं झालंय.

त्या वर्गाची पद्धत अशी होती. वर्षभर लिहिलेल्यांतले चांगले निबंध निवडायचे, स्वच्छ अक्षरात उतरवायचे आणि एका फाइलीत लावून द्यायचे. फाइलीवर नाव नाही, नुसता क्रमांक. आणि तपासायची कुणी? ज्या बाईंनी शिकवलं त्यांनी नाही. त्यांना म्हणे माया असते. लांबच लांब टेबलांवर दुसरेच मास्तर बसायचे, प्रत्येक फाइल दोघं वाचायचे, आणि दोघंही बरी म्हणाले तर अट पुरी.

इडालिनाची फाइल वसंताच्या सुरुवातीलाच तयार होती. नेल्सनच्या फाइलीत काही म्हणजे काही नव्हतं. मग काय होणार? तेच झालं जे तिसरीपासून होत आलं होतं. तिनं त्याच्यासाठी लिहिलं. गाय अडली असताना पहाटे काय करावं लागतं, शेजारचा शेतकरी वासरांना काय चुकीचं खाऊ घालतो, असे त्याचेच विषय, त्याच्याच तोंडचं बोलणं, फक्त लिहिलं तिनं. त्यानं ते आपल्या अक्षरात उतरवून काढलं, पुन्हा पुन्हा, कारण खाडाखोड चालत नव्हती. तुम्ही म्हणाल ही चोरी. विद्यापीठही तेच म्हणालं असतं. पण तिच्या मनाला ते शिवलंही नाही. फाइल नेल्सनची, क्रमांक नेल्सनचा, तर कागद कुणाचा? तिला शपथेवर विचारलं असतं तरी तिनं तेच सांगितलं असतं, आणि देवासमोर मान ताठ ठेवून.

दैव पाहा कसं असतं. एवढ्या ढिगातून त्या दोन्ही फाइली वाचायला आल्या एकाच माणसाकडे. त्यानं पाहिलं की दोन्हीकडे एक खोड सारखी आहे. कुणाचंही म्हणणं खोडायच्या आधी लिहिणारा त्याचं दोन वाक्यं मनापासून कौतुक करतो. हॅलोरनबाईंनी नमस्कार बंद केले होते, पण तेवढी रीत पोरीच्या हाडात राहिली होती. तो मास्तर दोन्ही फाइली घेऊन हॅलोरनबाईंकडे गेला आणि म्हणाला, हे एकाच हातचं आहे.

बाईंनी दोघांना बोलावलं. आरडाओरडा नाही, वरच्या कचेरीत तक्रार नाही. म्हणाल्या, "हे कुणाचं आहे ते मी तुम्हाला विचारत नाही. उद्या सकाळी इथं येऊन बसा आणि माझ्यासमोर एकेक पान लिहा. तुम्हाला न पटलेली एक गोष्ट, आणि ती का पटली नाही. ह्या फाइली ज्याच्या हातच्या आहेत असं पानावरून दिसेल त्याची अट पुरी झाली. दुसऱ्याची नाही." भली बाई होती. तिनं दार जेवढं उघडं ठेवता येईल तेवढं ठेवलं होतं, आणि ते इडालिनासाठीच ठेवलं होतं. पण आमची माणसं उघड्या दाराशी काय करतील ते तिला कसं कळावं?

त्या संध्याकाळी इडालिनानं घरी फोन केला. इथलं मी सांगू शकते, कारण मी तिथंच होते, टेबलाशी घेवड्याच्या शेंगा सोलत. फोन भिंतीवर होता. आई उभ्याउभ्या ऐकत होती, हात ॲप्रनला पुसत.

"म्हणजे दोघांतला एकच राहणार?" आई म्हणाली.

मग बराच वेळ नुसतं ऐकणं. मग आई हळू आवाजात बोलायला लागली. "ऐक माझं, इडा. नेल्सन परत आला तर बाप त्याला सुखानं घास गिळू देईल का? दोघांचं क्षणभर पटत नाही. हा डोक्यात राख घालून निघून जाईल कुठंतरी, बोटीवर, नाहीतर सैन्यात, आणि मी बसेन दाराकडं डोळे लावून. तुझं तसं नाही बाळा. तुला डोकं आहे. तू कुठंही गेलीस तरी तरून जाशील."

पलीकडून काहीतरी आवाज आला असावा.

"रडू नकोस," आई म्हणाली. "मी तुला अमुक कर म्हणत नाहीये. मी नुसतं सांगते आहे."

फोन ठेवला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "बघतेस काय? सोल की शेंगा." आईला वाईट म्हणवत नाही मला. तिनं आयुष्यभर मरमरून केलं आमचं. पण त्या एका वाक्यासाठी, 'मी नुसतं सांगते आहे' ह्यासाठी, मी तिला अजून माफ केलेलं नाही. धडधडीत हुकूम केला असता तर इडा निदान भांडली तरी असती.

पुढचं इडालिनानं मला त्या उन्हाळ्यात सांगितलं, एकदाच, आणि कुणाला सांगणार नाही असं वचन घेऊन. ती फोन करत होती तेव्हा नेल्सन तिच्या शेजारीच उभा होता. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "तू म्हणशील तसं, इडा." बास. तू म्हणशील तसं! अरे मेल्या, तुझ्या तोंडात काय मिठाची गुळणी होती? 'नको, तू लिही' एवढं म्हणायला काय जात होतं तुझं?

सकाळी दोघं बाईंच्या खोलीत बसले. नेल्सननं शेजाऱ्याच्या वासरांचा निबंध लिहून काढला. इतक्यांदा उतरवला होता की एव्हाना त्याला तो जपमाळेसारखा पाठ झाला होता. इडालिनानं वर आपलं नाव लिहिलं, खाली दोन वाक्यं लिहिली, तीही तुटकी, आणि पेन ठेवलं. तास संपेपर्यंत तशीच बसून राहिली. मला म्हणाली, "डोक्यात सगळं तयार होतं गं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. आईच्या बोलण्यातलं काय पटलं नाही, आणि का. इतकं सरळ मला कधीच सुचलं नव्हतं. हात नुसता मांडीवर दाबून धरला."

बाईंनी ते पान हातात घेतलं आणि मागं काही लिहिलंय का ते उलटून पाहिलं. "इडालिना, हे तुझं आहे?"

"हो बाई."

"नक्की?"

"त्याच्यावर माझं नाव आहे ना."

बाईंना कळलं होतं. कळणार नाही तर काय! पण नियम त्यांचाच होता, आणि दोन्ही पानं टेबलावर पडलेली होती. त्यांनी मान वळवली आणि रुमाल नाकाला लावला. त्यांची सर्दी होती की आणखी काही, ते इडालिनाला सांगता आलं नाही.

ती घरी आली जून महिन्यात. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "नाही जमलं?" ती म्हणाली, "नाही जमलं." ऑगस्टात एकदा हॅलोरनबाईंचा फोन आला. आईनं घेतला आणि सांगितलं, ती घरी नाही. ती होती अंगणात, चादरी काढत. मी तडक बाहेर जाऊन सांगितलं तिला, म्हटलं पळ, फोन लाव परत. ती म्हणाली, "राहू दे. काय बोलू त्यांच्याशी?" आणि चादरीची घडी घालत राहिली.

मी तिच्या मागं लागायचे, तालुक्याच्या गावात दोन वर्षांचं कॉलेज आहे, तिथं जा, तिथून पुन्हा विद्यापीठात जाता येतं. ती हो हो म्हणायची. मग बाबांना झटका आला आणि अर्धं अंग गेलं. मग आईचे गुडघे. मधे चीजच्या कारखान्यात तिला नोकरी लागली, दुधाचे नमुने तपासायची. एका वर्षाचं दुसरं वर्ष, दुसऱ्याचं दहावं. माणूस तरून जातं म्हणतात ते हेच असेल तर असो बापडं. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

लिहिणं मात्र सुटलं नाही, ते कसं सुटणार? सणाला दरवर्षी गावातली एक पोरगी राणी होते, तिचं भाषण इडालिनानं लिहायचं, मयताची बातमी तिनं लिहायची, महामार्ग आमच्या शेतांतून न्यायला निघाले तेव्हा सगळ्या गावाचा अर्ज तिनं लिहिला आणि महामार्ग वळवला त्यांनी. सही पाद्रीबाबांची. नेल्सन डॉक्टर होऊन आला, चारी गावांत त्याचं नाव झालं. गाई त्याला दुवा देतात म्हणतात लोक, आणि देतही असतील. त्याचे जाहीर सभेतले दोन शब्द, वर्तमानपत्रातलं पत्र, बाबांच्या मयताच्या वेळचं भाषण, ज्यानं अख्खं चर्च रडलं, सगळं कुणी लिहिलं असेल? तो शनिवारी यायचा, दहा मिनिटं इकडचं-तिकडचं बोलायचा आणि मग डोकं खाजवत म्हणायचा, "इडा, एक छोटंसं काम होतं." मला वाटायचं घ्यावी केरसुणी आणि हाणावी. ती मात्र चष्मा शोधायला लागायची.

मी एकदा संतापून म्हटलं, "तुला कधी वाईट वाटत नाही का गं?"

"रोज वाटतं," ती म्हणाली. इतकं साधं म्हणाली की माझा राग जागच्या जागी विरला. "बाकीचं गेलं त्याचं नाही एवढं. ते पान जवळजवळ कोरं दिलं त्याचं वाटतं."

आई गेली. आणि मग परवाचा सप्टेंबर आला, मारियामातेचा सण. आमच्याकडे त्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये लांब टेबलं मांडतात आणि येईल त्याला जेवायला घालतात, पुदिना घातलेल्या पावावर गरम रस्सा आणि मांस. आम्ही सगळे एका टेबलाला होतो. नेल्सन, मी, इडालिना आणि नेल्सनची मुलगी, नाव केली. ही केली त्याच विद्यापीठात नुकतीच दाखल झालेली, आणि तीही लेखनाच्या त्याच वर्गात. अट अजून आहे, परीक्षेची तऱ्हा बदलली एवढंच. सणासाठी दोन दिवस घरी आली होती. पोर गोड आहे, बापासारखी आतल्या गाठीची नाही, मनात आलं की ओठावर.

"आत्या, आम्हाला पहिलाच निबंध काय दिलाय माहितीये?" ती म्हणाली. "तुमच्या घरात लिहिणं कुठून आलं. मी बाबांना विचारलं, तर म्हणाले त्यांनाही हा वर्ग होता. आणि तुलाही होता! मला माहीतच नव्हतं. मग बाबा पास झाले आणि तू का नाही झालीस?"

इडालिनानं चमचा खाली ठेवला. तिनं नेल्सनकडं पाहिलं. रागानं नाही हो. एखाद्याची बोलायची पाळी आली की आपण कसं पाहतो त्याच्याकडं, तसं. चेहरा थोडा पुढं आला होता तिचा. कपड्यांच्या दोरीखाली तिचा चेहरा उजळला होता तो मी पाहिला होता, त्यानंतर मी तो पहिल्यांदा तसा पाहिला.

नेल्सननं पावाचा तुकडा मोडला. रश्श्यात बुडवला. "तुझ्या आत्याला लिहायचं जरा जड जायचं, केली," तो म्हणाला. "सगळ्यांनाच नाही जमत ते. पण मन मोठं आहे तिचं."

"नेल्सन!" मी उठलेच. इडालिनाचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिनं मला खाली बसवलं. हाताला काय जोर होता!

"हो गं केली," ती म्हणाली. "मला त्या दिवशी काही सुचलंच नाही." आणि पोरीला अजून थोडं मांस वाढलं.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघी मागं भांडी धुवायला गेलो. मी ताटं आपटत होते. म्हटलं, "का दाबलंस मला? आई गेली, बाबा गेले, आता कुणाची भीड? तुझं वचन घाल चुलीत. मी जाते आणि त्या पोरीला सगळं सांगते."

"नको," ती म्हणाली. ताट पुसत होती, तेच ते ताट पुन्हा पुन्हा. "तू सांगून काय उपयोग, झेलिया? मला वाटायचं, कुणी विचारलं की तो सांगेल. इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही ना. मग तो बिचारा आपणहून कसा बोलणार? मी तेच धरून चालले होते. दर शनिवारी त्याला लिहून देताना तेच मनात धरून असायचे, की कुणीतरी विचारायचा अवकाश आहे."

तिनं ताट ठेवलं आणि दुसरं घेतलं.

"आज विचारलं गं," ती म्हणाली. "त्याच्याच पोरीनं विचारलं."